आधी बघ, मग ऐक, मग हात लाव

बाळा, गॉटलीबचं ‘ॲब्रा का डाब्रा’ तुझ्या घरी येतंय हे ऐकून मामाला फार आनंद झाला. १९७५ सालचं, एका खेळाडूचं पिनबॉल मशीन. रचना एड क्रिन्स्की यांची, चित्रं गॉर्डन मॉरिसन यांची. तू ज्या शिकागोत राहतेस तिथेच आणि आसपास गॉटलीब, बॅली, विल्यम्स, शिकागो कॉइन यांचे कारखाने होते. पिनबॉलचं माहेरच ते. गंमत बघ, कारखाने तिथे असूनही खुद्द त्या शहरात हा खेळ सत्तरच्या दशकापर्यंत बंदीत होता, आणि न्यूयॉर्कमध्ये १९४२ ते १९७६. लोक याला जुगार समजत.

१९४७ साली गॉटलीबने ‘हम्प्टी डम्प्टी’ला पहिल्यांदा फ्लिपर बसवले. १९७७च्या सुमाराला इलेक्ट्रॉनिक मशीनं आली. मधल्या तीस वर्षांतल्या मशीनमध्ये वीज आहे, पण चिप नाही. गुण किती झाले, कितवा चेंडू चालू आहे, बोनस किती साठला, हे सगळं मशीनला चाकं कुठे थांबलीत आणि कोणता रिले, म्हणजे विजेने ओढला जाणारा खटका, ओढलेला आहे यावरून कळतं. म्हणजे आत लपलेलं असं काही नाही. जे चालतं ते डोळ्यांना दिसतं आणि कानांना ऐकू येतं. ज्या म्हाताऱ्या मेकॅनिककडे मी हे काम शिकलो, ते बारमधली आणि बोलिंग ॲलीमधली मशीनं दुरुस्त करत गावोगाव फिरत. त्यांनी मला एकच मंत्र दिला होता: आधी बघ, मग ऐक, मग हात लाव. आता तोच तुला देतो. पुढे जे सांगणार आहे ते सगळं त्यातूनच निघतं.

घेताना चित्र बघ, चालू-बंद नंतर

विकणारा म्हणेल, “मशीन चालू आहे.” त्याने हुरळून जाऊ नकोस, आणि “बंद आहे” म्हणाला तर घाबरूही नकोस. यंत्राचा बिघाड दुरुस्त होतो. चित्र गेलं की गेलं. वरच्या डोक्यातली काच, म्हणजे बॅकग्लास, बाहेर काढायला सांग आणि मागच्या बाजूने बघ. रंग मागच्या बाजूला असतो, आणि दिव्यांच्या उष्णतेने, दमट हवेने तो पापुद्र्यांनी सुटतो. नंतर प्लेफील्ड, म्हणजे चेंडू धावतो ती पाटी, बघ. बंपरच्या भोवती आणि चेंडू नेहमी जिथून जातो तिथे लाकूड उघडं पडलंय का? मग खालचं झाकण उघडून तारा बघ. मधेच कापलेल्या, नुसत्या पिळून चिकटपट्टी लावलेल्या तारा दिसल्या तर किंमत पाडून माग, कारण कुणीतरी न समजता हात घातलेला आहे. मूळ तारा, मूळ रिले जागेवर असतील तर वर्षानुवर्षं बंद पडलेलं मशीनही उभं राहतं.

किल्ली आणि सर्किटचा मोठा कागदी नकाशा मागून घे. नकाशा नसेल तर पैसे खर्चून मिळव. त्याच्याशिवाय काम सुरू करू नकोस.

आणताना पहिला चेंडू बाहेर

मशीन हलवण्याआधी चेंडू काढून खिशात टाक. ऐंशी ग्रॅमचा पोलादी गोळा आतल्या आत आदळत राहिला तर रिलेच्या पात्या वाकवतो आणि प्लेफील्डला खड्डे पाडतो. मग प्लेफील्डवरची काच काढ, बॅकग्लास काढून गोधडीत गुंडाळून उभी ठेव. डोकं खालच्या पेटीपासून सोडवताना जोडणीचे मोठे प्लग सरळ ओढ, तारेला धरून ओढू नकोस. प्रत्येक प्लगला चिठ्ठी लाव आणि फोनवर फोटो घे. पाय शेवटी काढ. सगळं मिळून शंभर किलोच्या वर वजन असतं, तेव्हा दोन धडधाकट माणसं आणि एक ढकलगाडी हवीच.

प्लेफील्डवरची काच कडक केलेली असते. तिच्या मधोमध बुक्की मारली तरी काही होत नाही, पण कडा फरशीला टेकली की अख्ख्या काचेचा चुरा होतो. ती ठेवायची तर खाली गालिचा नाहीतर पुठ्ठा हवा.

वीज देण्याआधी

जुन्या मशीनची वायर पुष्कळदा दोन पिनांची असते आणि तिचं रबर तडकलेलं असतं. ती बदलून तीन पिनांची घाल. अर्थिंगची तार ट्रान्सफॉर्मरच्या पायाला, नाण्यांच्या दाराला आणि आतल्या उघड्या धातूला जोड. हे स्वतःला नीट जमत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घे. ट्रान्सफॉर्मरच्या पुढे दिव्यांना सहा व्होल्ट आणि कॉइलना, म्हणजे दट्ट्या ओढणाऱ्या तारेच्या गुंडाळ्यांना, पंचवीसच्या आसपास व्होल्ट जातात, तिथे काम करणं सोपं. ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे मात्र भिंतीतली १२० व्होल्टची वीज आहे आणि ती जीव घेऊ शकते. म्हणून आत हात घालताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढलेला हवा.

फ्यूज एकेक काढून बघ. जागेशेजारी जो आकडा छापलेला आहे तोच फ्यूज हवा. मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद गुंडाळलेला फ्यूज दिसला तर समज, आधीच्या मालकाने दुखणं शोधलं नाही, झाकून ठेवलं.

मग प्रत्येक कॉइलचा दट्ट्या बोटाने आत ढकल. तो अलगद आत गेला पाहिजे आणि सोडल्यावर आपणहून परत आला पाहिजे. अडकत असेल तर वीज देऊ नकोस. कॉइलवरचा कागद करपलेला दिसतोय का तेही बघ. बहुतेक कॉइल क्षणभर ठोका देण्यापुरत्या असतात. एखादी ओढलेलीच राहिली तर पाहता पाहता तापते आणि धूर काढते. म्हणून पहिल्यांदा वीज देताना एक हात प्लगपाशी ठेव आणि नाक जागं ठेव. करपल्याचा वास आला, की आधी प्लग काढ, विचार नंतर कर.

कॉन्टॅक्ट: इथेच निम्मं मशीन

या मशीनमध्ये शेकडो पात्या असतात आणि प्रत्येक पातीच्या टोकाला धातूचा छोटा ठिपका. दोन ठिपके भेटले की वीज पुढे जाते; अशा पात्यांच्या जोडीला खटका म्हणतात. दहापैकी नऊ तक्रारींचं मूळ याच ठिपक्यांवर बसलेल्या काजळीत असतं. म्हणून इथे सावकाश शिक.

चांदीचे ठिपके साफ करायला लवचीक घासपट्टी मिळते. ती दोन ठिपक्यांमध्ये धरून पात्या हलकेच दाबायच्या आणि दोन-तीनदा ओढायची. मळ थोडाच असेल तर अल्कोहोलमध्ये बुडवलेला जाड कार्डाचा तुकडाही पुरतो. पॉलिश पेपर इथे वर्ज्य, कारण तो चांदीच खरवडून नेतो. फक्त फ्लिपरच्या खटक्यांचे ठिपके टंगस्टनचे, कडक असतात. त्यांना बारीक कानस लागते.

तेलाचे फवारे तर या पेटीच्या आसपासही आणू नकोस. दार करकरतंय म्हणून मारायचा तो डबा इथे चालत नाही. तेलाच्या थरावर धूळ चिकटते, कॉन्टॅक्ट बंद पडतात, आणि ठिणग्या उडणाऱ्या पेटीत तो फवारा पेटूही शकतो.

साफ केल्यावरही चालत नसेल तरच पाती वाकवायची. त्याआधी पात्यांच्या चळतीचे स्क्रू घट्ट कर. ते वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी सैल झालेले असतात, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं. मग पाती वाकवायच्या खास हत्याराने बुडाशी धरून अगदी थोडी वाकव. उघडा असताना दोन ठिपक्यांत स्पष्ट फट दिसली पाहिजे. बंद होताना लांब पातीने आखूड पातीला टेकून आणखी थोडं पुढे ढकललं पाहिजे. त्या ढकलण्यात ठिपके एकमेकांवर किंचित घासतात आणि आपोआप स्वच्छ राहतात. कारखान्यानेच केलेली ही सोय आहे, ती मोडू नकोस.

एका वेळी एकच खटका घे. तो साफ कर, तपास, मग पुढचा. उत्साहाच्या भरात सगळ्या पात्या ‘नीट’ करायला गेलीस तर जुना एक बिघाड जाऊन नवे चार येतील, आणि ते कुठले हे कळायला मार्ग राहणार नाही.

फ्लिपर मंद झाला तर

फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात. जाड तारेची गुंडाळी जोराचा फटका देते. बारीक तारेची गुंडाळी, तू बटण दाबून धरलंस तर, फ्लिपर नुसता वर धरून ठेवते. फटका पूर्ण होताच टोकाशी असलेला एक खटका उघडतो आणि जोराची गुंडाळी एकटी राहत नाही. हा खटका उघडलाच नाही तर कॉइल जळते. तो मळलेला असेल तर फ्लिपरला जोरच येत नाही. फ्लिपर वर गेल्यावर फट साधारण तीन मिलिमीटर असावी.

फ्लिपर मंद झाला की लोक जास्त ताकदीची कॉइल आणून बसवतात. तसं करू नकोस. त्याने फ्लिपरचे सांधे तुटतात आणि खेळाचा तोलही बिघडतो. आधी बटणामागचा खटका साफ कर, मग टोकाचा. मग कॉइलच्या आतली नळी बदल, आपटून चपटा झालेला थांबा बदल, झिजलेला दुवा बदल. हे सुटे भाग आजही नवे बनतात आणि स्वस्त असतात. दट्ट्याला तेल किंवा ग्रीस कधीच लावायचं नाही. नळी आणि दट्ट्या कोरडेच चालतात.

वाळलेलं ग्रीस

चेंडू मोजणारं, बोनस मोजणारं, क्रेडिट मोजणारं अशी दातेरी चाकांची एककं आत दिसतील. त्यांना स्टेपर म्हणतात. कॉइल ओढली की चाक एक दाता पुढे जातं आणि त्यावरची बोटं पितळी ठिपक्यांच्या चकतीवर एक घर सरकतात. कारखान्यात लावलेलं ग्रीस पन्नास वर्षांत डिंकासारखं घट्ट झालेलं असतं. म्हणून चाक एक दाता चुकतं किंवा शून्यावर परत येत नाही. वरून आणखी ग्रीस लावणं हा त्याचा उपाय नव्हे.

एकक सोडवण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो घे. गुंडाळी स्प्रिंगला किती वळसे दिलेत ते मोजून लिहून ठेव. मग जुनं ग्रीस पूर्ण धुऊन काढ, पितळी ठिपके घासून चकचकीत कर आणि पुसून त्यावर वंगणाचा इतका पातळ थर दे की बोटाला जेमतेम जाणवेल. जोडल्यावर हाताने एकेक दाता पुढे नेऊन बघ. प्रत्येक दात्याला बोटं ठिपक्याच्या मधोमध थांबली पाहिजेत, आणि सोडल्यावर चाक खाडकन शून्यावर आलं पाहिजे.

बिघाड कसा शोधायचा

मशीन सुरू होताना काय घडतं ते आधी पाठ कर. बटण दाबलं की सुरुवातीचा रिले ओढला जातो. पेटीतली मोटर फिरते. तिच्या चकत्या ठरलेल्या क्रमाने खटके उघडतात आणि मिटतात. गुणांची चाकं टकटक करत शून्यावर येतात. चेंडूंचं एकक मागे जातं. मग चेंडू बाहेर ढकलला जातो. हा क्रम रोज कानांनी ऐक. महिनाभरात तुला नकाशा न बघता कळेल की आज कुठला आवाज आला नाही. न आलेल्या त्या आवाजाच्या अलीकडचाच खटका दोषी असतो.

नेहमीची तक्रार म्हणजे मोटर थांबतच नाही. त्याचा अर्थ मोटर बिघडली असा नव्हे, तिला कुणीतरी थांबू देत नाही. गुणांची चाकं बघ. एखादं चाक शून्यावर येऊनही पुढे जायची धडपड करत असेल तर त्याच्या शून्याच्या खटक्यात दोष आहे. सगळी चाकं शून्यावर शांत असतील तर कोणता रिले अजून ओढलेला आहे ते बघ आणि त्याला धरून ठेवणारा खटका नकाशात शोध. नकाशा मशीनच्या कोणत्या अवस्थेत काढलाय ते त्यावर लिहिलेलं असतं, ते आधी वाच. म्हणजे उघडा दाखवलेला खटका बघून गोंधळ होणार नाही.

आणखी एक. हे मशीन पूर्वी याच तारांवर चाललेलं आहे. म्हणजे आखणी बरोबर आहे. मळ, सैल स्क्रू, तुटलेला सोल्डरचा डाग, दमलेली स्प्रिंग, जळालेली कॉइल, एवढ्यातच उत्तर असतं. तारांची जोडणी बदलून ‘सुधारणा’ करायचा मोह झाला तर हात मागे घे.

खेळाची पाटी आणि काच

प्लेफील्डला पाणी लावू नकोस. लाकूड फुगतं आणि रंग उचलला जातो. नॅफ्थाने हलक्या हाताने मळ काढ, पण तो ज्वालाग्राही आहे, तेव्हा प्लग काढून, खिडकी उघडून. मग कार्नोबा मेणाचा पातळ थर दे आणि मऊ फडक्याने चमकव. मेण चेंडू आणि रंग यांच्या मधे राहतं, आणि खेळाला वेगही येतो. चेंडूवर बारीक ओरखडे दिसले की तो बदल. खरखरीत चेंडू प्रत्येक डावाला थोडा थोडा रंग खातो. रबराची कडी कडक झाली, तडकली की सगळीच एकदम बदल. ताज्या रबराने मशीन किती तरुण होतं ते तुझं तुलाच दिसेल.

बॅकग्लासची रंगाची बाजू कधीही पुसू नकोस, कोरड्या फडक्यानेसुद्धा. समोरची बाजू तेवढी पुसायची. मागे ४४ क्रमांकाचे दिवे असतील तर ४७ घाल. ते कमी वीज घेतात, कमी तापतात आणि उजेड साजेसाच देतात.

मशीन थंडी-उन्हाच्या गॅरेजमध्ये ठेवू नकोस. इलिनॉयच्या हिवाळ्यात रंग आकसून सुटतो. तळघरात ठेवलंस तर ओल शोषणारं यंत्र लाव. खिडकीतलं थेट ऊन लागू देऊ नकोस, लाल रंग आधी फिका पडतो. उद्या पुण्याला परतताना बरोबर नेणार असशील तर २३० व्होल्टवर थेट लावू नकोस. चांगल्या क्षमतेचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घे, आणि पावसाळ्यात ते कोरड्या खोलीतच राहू दे.

पाणसळ आणि ओळंबा

मशीन कुठे ठेवायचं ते ठरलं की पाणसळ आडवी धरून डावी-उजवी बाजू सारखी कर. मागचे पाय उंच करून उतार साडेतीन अंशांच्या आसपास ठेव. हल्लीच्या मशीनइतका तीव्र उतार दिलास तर या जुन्या बंपरना चेंडू वर ढकलवत नाही.

टिल्टसाठी आत कड्यात लोंबणारा ओळंबा आहे. मशीन धसमुसळेपणाने हलवलं की तो कड्याला लागतो आणि चेंडू बाद होतो. हॅरी विल्यम्स यांनी १९३०च्या दशकात आणलेली ही युक्ती. पुढून मशीन उचलणाऱ्यासाठी उतरत्या पट्टीवर ठेवलेली वेगळी गोळीही असते. घरात कोण बघतंय म्हणून ओळंबा काढून टाकू नकोस. हलकासा धक्का देऊन चेंडू वाचवणं ही या खेळातली खरी कला आहे, आणि शिक्षेची भीती असेल तरच ती कला राहते. ओळंबा असा लाव की हलका धक्का चालेल आणि आडदांडपणा चालणार नाही.

वही ठेव, मशीन चालू ठेव

मशीनच्या पेटीत एक वही ठेव. काय बिघडलं, कोणता खटका साफ केला, कोणती कॉइल कुठून आणली, फ्यूजचे आकडे काय, सगळं तारखेसह लिही. पुढच्या वेळी निम्मी शोधाशोध वाचेल, आणि तुझ्यानंतर हे मशीन ज्याच्याकडे जाईल त्याच्या हाती तयार माहिती पडेल. शिकागोजवळ १९८५ पासून दरवर्षी पिनबॉल एक्स्पो भरतो, तिथे जरूर जा. हाताने काम केलेली जुनी माणसं तिथे भेटतात आणि विचारलं की भरभरून सांगतात. ती फार काळ भेटतील असं नाही, तेव्हा टाळू नकोस.

आणि मशीन झाकून ठेवू नकोस. या यंत्राचा शत्रू वापर नाही, बंद पडून राहणं आहे. चालत्या खटक्यांचे ठिपके घासून स्वच्छ राहतात, बंद खटक्यांवर काजळी चढते. फिरत्या चाकांचं वंगण मऊ राहतं, थांबलेल्यांचं गोठतं. येणाऱ्या पोरांना खेळू दे, पुढच्या काचेवर बोटांचे ठसे उमटले तरी उमटू देत. जमलं तर एखाद्या मुलाला झाकण उघडून आतलं दाखव आणि हाच मंत्र त्याच्या कानात सांग. दर आठवड्याला निदान एक डाव खेळत जा. चालतं मशीनच टिकतं.